पाय मोडका ब, फी साडेसहा हजार

तुमचं मूल तीन वर्षांचं झालंय आणि अजून त्याला फोनिक्स, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचायला शिकवणारा क्लास, लावलेलं नाही? मग बसा जरा, पाणीबिणी प्या. उशीर झालाय, पण अगदीच हाताबाहेर गेलेलं नाही. आमच्या सोसायटीतल्या बी विंगमधली एक मुलगी अडीचाव्या वर्षापासून जातीये, आणि तिच्या आईने एकदा खाली बागेत मला विचारलं, "तुमचा कुठल्या लेव्हलला आहे?" मी म्हटलं, पाचव्या मजल्यावर. तेव्हापासून ती माझ्याशी जरा हळू आवाजात बोलते, आमच्या घरात आजारपण असल्यासारखं.

तर मी या सगळ्यातून दोन वर्षं गेलेली बाई आहे म्हणून चार गोष्टी सांगते, पुढे तुमची मर्जी.

पहिलं म्हणजे भाषा सुधारा. फोनिक्स शिकवत नाहीत, फोनिक्स लावतात. दूध लावतात, पेपर लावतात, तसं. एकदा लावलं की महिन्याच्या महिन्याला पैसे द्यायचे आणि दारात काय येऊन पडतं ते फार बघायचं नाही. क्लास निवडताना फ्लेक्सवर ब्रिटिश किंवा इंटरनॅशनल यापैकी एक शब्द आहे ना एवढं बघा, दोन्ही असले तर फी दीडपट. मॅमचं ट्रेनिंग किती दिवसांचं झालंय हे विचारू नका, त्याही कुणाच्या तरी आईच आहेत आणि त्यांनीही कुठेतरी पैसे भरलेत.

आणि डेमोला आजीला नेऊ नका. ही माझी सगळ्यात कळकळीची सूचना. मी नेलं. सासूबाई पहिल्या रांगेत छोट्याशा लाल खुर्चीवर बसल्या, आणि मॅमनी सुरू केलं की पेरेंट्स, आजपासून घरी ए बी सी डी बंद. लेटरचं नाव म्हणायचं नाही, साउंड म्हणायचा. आणि साउंड प्युअर पाहिजे, शेवटी अ लावायचा नाही. 'ब' नाही, 'ब्'. 'क' नाही, 'क्'. कारण अ लावला तर मूल कॅट वाचताना क-ॲ-ट म्हणत बसतं आणि त्याचं कॅट होतच नाही. सगळे पालक वहीत लिहून घेत होते. सासूबाई वळून माझ्या कानात म्हणाल्या, कानात म्हणजे त्यांच्या हिशोबाने कानात, अख्ख्या हॉलला ऐकू गेलं, "म्हणजे पाय मोडका ब. त्याचे साडेसहा हजार?"

मॅम गोड हसल्या आणि पुढे गेल्या. पुढचं असं की अक्षरं ए पासून झेडपर्यंत ओळीने शिकवायची नाहीत, आधी एस, ए, टी, आय, पी, एन, कारण एवढ्या सहांतच सॅट, पिन, टॅप, नॅप असे कितीतरी शब्द तयार होतात, मूल लगेच वाचायला लागतं. सासूबाई म्हणाल्या, "गमभन." आमच्याकडेही कखगघ ओळीने न घेता ग म भ न आधी घ्यायची पद्धत होतीच की, आकार मिळतेजुळते, हात बसतो, आणि नग, मन, गगन, नमन असलं काहीबाही लगेच वाचताही येतं. मग ट्रे आला. निळ्या रंगाची बारीक वाळू, त्यात बोटाने एस काढायचा, नाव सेन्सरी ट्रे. "धुळाक्षरं," सासूबाई म्हणाल्या, "आमची धूळ फुकट होती." मॅम म्हणाल्या, वॉव आंटी, यू ऑलरेडी नो एव्हरीथिंग! डिस्काउंट मात्र दिला नाही.

आता प्रामाणिकपणे एक सांगते, उपरोध बाजूला ठेवून, दोन मिनिटंच. इंग्रजीला हे लागतंच. अक्षरं २६ आणि आवाज जवळपास ४४, आणि अक्षराच्या नावाचा आवाजाशी संबंध म्हणाल तर डब्ल्यू या अख्ख्या नावात व कुठेच नाही. आपलं कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ असं घशापासून बाहेर येत येत रचलेलं टेबल तिकडे नाही, आपल्याकडे क म्हटलं की क. (अगदीच साधेसरळ आपणही नाही म्हणा, चाकाचा च वेगळा आणि चारचा च वेगळा, लिहिताना एकच, पण ते कुणी फ्लेक्सवर छापत नाही.) आमच्या पोराच्या शाळेने नर्सरी आणि ज्युनियर केजी मिळून दोन वर्षं ए फॉर ॲपल गिरवून घेतलं आणि दोन वर्षांनी त्याला कॅट वाचता येईना. पीटीएमला विचारलं तर टीचर म्हणाल्या, डोन्ट वरी, शब्द बघून बघून पाठ होतील. म्हणजे शाळा फी घेऊन पाठ करून घेणार आणि वाचायला शिकवायला संध्याकाळी वेगळी फी. झाली दोन मिनिटं.

पाठ करण्यावर, अंदाजाने वाचण्यावर अमेरिकेत तर मोठं महाभारत झालेलं आहे. तिकडे बऱ्याच शाळांत वर्षानुवर्षं मुलांना सांगायचे की शब्द अडला की चित्र बघ आणि काय असेल ते ओळख. चित्रात घोडा, शब्द पोनी, पोरगं म्हणणार हॉर्स, शाब्बास. २००० साली तिथल्या नॅशनल रीडिंग पॅनेलचा रिपोर्ट आला, त्यात वाचनाला पाच गोष्टी लागतात असं निघालं: शब्दातले आवाज कानाने सुटे करता येणं, मग अक्षर-आवाजाची जोडी म्हणजे हे आपलं फोनिक्स, मग न अडखळता वाचणं, मग शब्दसंग्रह, आणि मग वाचलेलं कळणं. पाच. तुम्ही मात्र घाबरू नका, पाचातली आपल्याला एकच घ्यायची आहे, जी पाहुण्यांसमोर करून दाखवता येते. शब्दसंग्रह पाहुण्यांना दिसत नाही. समजलेलं तर अजिबातच दिसत नाही.

पाहुणे आले की मुलाला खेळातून उठवून आणा, फ्लॅशकार्ड काढा, तीन शब्द झाले की टाळ्या वाजवून चौथ्याच्या आत परत पाठवा. अर्थ विचारू नका. मी सांगून ठेवलेलं असताना आमच्याकडे नवऱ्याने एकदा विचारला. पोराने वाचलं होतं, झकास, एका दमात, की व्हेट ने पिगला व्हॅनमध्ये घातलं. बाबा म्हणाला, व्हेट म्हणजे काय रे? पोरगं म्हणालं, ओलं. बरोबरच आहे, आपल्या कानाला व्हेट म्हणजे जनावरांचा डॉक्टर काय आणि वेट म्हणजे ओलं काय, दोन्ही सारखेच. मग पिगला व्हॅनमध्ये का घातलं? "ओलं झालं ना ते, पाऊस होता." मला तर पटलं. माझ्या मोठ्या जाऊबाईंना नाही पटलं, त्यांचा मुलगा तिसऱ्या लेव्हलला होता.

इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीतल्या, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या पोरांची फोनिक्सची सरकारी तपासणी होते. ४० शब्द, त्यातले २० खोटेच, ज्यांना काही अर्थ नाही असे बनवलेले, आणि पोरांना कळावं म्हणून खोट्या शब्दाशेजारी परग्रहावरच्या प्राण्याचं चित्र. म्हणजे पाठांतर चालत नाही, आवाज जोडूनच वाचावं लागतं, डोकं लावलंय बघा. आपल्याकडे असले शब्द बनवायचा खर्चच नाही. रेल्वे स्टेशनची इंग्रजी पाटी दाखवा.

आम्ही सोलापूरहून हुतात्माने परत येत होतो. गाडी पुण्यात लागली, सगळे सामान काढतायत, आणि चिरंजीव खिडकीला नाक लावून पाटी वाचतायत. पाटीवर देवनागरीत पुणे होतं, त्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही, ती ओळ त्याच्या सिलॅबसमध्येच नव्हती. खालची इंग्रजी धरली. पी, यू, एन, ई. त्याच आठवड्यात मॅजिक ई झाला होता, शेवटचा ई स्वतः गप्प बसतो आणि आधीच्या स्वराला त्याचं नाव म्हणायला लावतो. पोराने बोट फिरवलं, ओठ हलवले, आणि आख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "मम्मा, प्यून आलं!"

समोरच्या सीटवरचे एक काका बॅग खाली ठेवून हसायला लागले. म्हणाले, किती भरले क्लासचे? आकडा ऐकून म्हणाले, "एवढे भरून पोराला प्यून केलं होय!"

पण नियमाने त्याचं काय चुकलं सांगा. ट्यून, जून, तसंच प्यून. ठाण्याला नेलं तर थेन वाचेल. घरी आल्यावर त्याने दारावरची पाटी वाचली, आम्ही माने, पाटीवर चार अक्षरं, शेवटी ई. "आजी, आपण मेन आहोत!" सासूबाई म्हणाल्या, मेन आपण कुठले रे बाळा, मेन ते चेअरमन. काळे, राणे, साने, मोरे, दाते, तुमच्यापैकी कुणी असाल तर पाटी मराठीत करून घ्या, लेव्हल टू लागायच्या आत.

मराठीची काळजी करू नका. ती आहे शाळेत, २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्याच शाळांत सक्तीची आहे, म्हणजे आठवड्यातून काही तास कुणीतरी घाईघाईत काना मात्रा उरकून टाकतं. आमच्याने एकदा पेपरवर बोट ठेवून 'दिवस' वाचायला घेतलं. डावीकडून उजवीकडे जायचं, दिसेल त्याचा साउंड काढायचा, हे इतकं पक्कं बसलेलं की वेलांटी आधी दिसते म्हणून त्याने आधी इ म्हटलं. "इ-द-व-स." आजीने कपाळाला हात लावला. मग तिने त्याला रोज पेपरचं एक हेडिंग वाचायची सवय लावली, फुकट, चहाबरोबर, बिस्किट बुडवता बुडवता. मी हे मॅमना सांगितलं नाही. दोन पद्धती मिक्स केल्या की मूल कन्फ्यूज होतं म्हणे.

घाई मात्र सोडू नका. सरकारचं काय, त्यांनी निपुण भारत ही वाचन-आकडेमोडीची मोहीम काढली ५ जुलै २०२१ ला, आणि त्यात मुलाला समजून वाचता यायला तिसरीच्या शेवटापर्यंत मुदत आहे, सगळ्या मुलांसाठी टार्गेट २०२६-२७. तिसरी! आपण दिवाळीपर्यंत दिलेली आहे, केजीची दिवाळी. असर नावाच्या, मुलांना वाचता-मोजता येतं का ते बघणाऱ्या २०२४ च्या सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला, हा आकडा कुणी ग्रुपवर टाकला तर घाबरून एक बदाम द्या आणि खाली लगेच विचारा की समर कॅम्पच्या सीट्स आहेत का. ती मुलं आपल्या क्लासला येत नाहीत, त्यांचा आणि आपला व्हॉट्सॲप ग्रुप वेगळा.

शाळेच्या ॲडमिशनलाही उपयोग होतो, कोण म्हणतं नाही होत. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला मनाई आहे, पहिल्यांदा सापडले तर २५ हजारांपर्यंत दंड. त्यामुळे कुणी चाचणी घेत नाही. नुसतं इंटरॅक्शन असतं. त्यात एक टीचर मुलाला सहज पुस्तक दाखवते आणि दुसरी सहज काहीतरी लिहून घेते.

घरात रीडिंग कॉर्नर करा. आमच्याकडे बीनबॅग, फेअरी लाइट्स आणि गोल शेल्फ आहे, फोटो छान येतो, इस्त्रीचे कपडे ठेवायलाही बरं पडतं. आणि रात्री मूल पुस्तक घेऊन तुमच्याकडे आलं, "वाचून दाखव ना," तर फसू नका. मी फोन खाली न ठेवता म्हटलं, आता तुला येतं ना, तू वाच, साउंड आऊट कर. बसला तो बीनबॅगवर, कपडे बाजूला सारून. तीन ओळींना बराच वेळ गेला. बोट एकेका अक्षरावर, ओठ हलतायत, शेवटच्या शब्दाशी पोचेस्तोवर पहिला शब्द काय होता ते विसरला, परत वर गेला. मग पुस्तक तसंच उघडं ठेवून आजीच्या खोलीत गेला, आणि आतून चिऊ-काऊचा आवाज यायला लागला, शेणाचं घर, मेणाचं घर, थांब माझ्या बाळाला आंघोळ घालते. दार लावून घेतलेल्या चिऊचं बोलणं तो आजीच्या आधी म्हणत होता. मॅमना सांगितलं तर म्हणाल्या, नो नो, हे रीडिंग नाही, ही मेमरी आहे.

मार्चमध्ये ग्रॅज्युएशन सेरेमनी झाला. काळा गाऊन, गोंडा लावलेली चौकोनी टोपी, डोक्यापेक्षा मोठी, दर दोन मिनिटांनी नाकावर येत होती. गाऊनचं भाडं वेगळं. स्टेजवरून मॅमनी माईक त्याच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाल्या, चला, सर्टिफिकेटवरचा पहिला शब्द वाचून दाखव सगळ्यांना. सर्टिफिकेटवर वर सोनेरी अक्षरांत इंग्रजीत फोनिक्स असंच छापलेलं होतं. पोराने बोट ठेवलं. प्... ह्... ऑ... न्... परत मागे गेला. प्. ह्. प्-हॉ. मग माईकमध्ये, शांतपणे, "मॅम, हे चुकलंय."

मॅमनी माईक हळूच बाजूला घेतला आणि खाली वाकून म्हणाल्या, बेटा, पीएच आपल्याला लेव्हल थ्रीमध्ये आहे.

लेव्हल थ्री सोमवारपासून सुरू होतंय. शनिवारपर्यंत भरले तर दहा टक्के कमी.