गिअर ऑइल ‘आयुष्यभराचं’ नसतं

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये इंधन जळत नाही, म्हणून तिथलं ऑइल खराब होत नाही. गाडीखाली डाग पडत नसेल तर तपासायचीही गरज नाही. जुन्या गाडीचं ऑइल बदललं की चांगला चाललेला गिअरबॉक्स बिघडतो. टाकायचंच झालं तर कुठलंही ईपी ९० (जास्त दाब सोसणारं, ९० दाटपणाचं गिअर ऑइल) टाका, आवाज येत असेल तर त्याहून दाट १४० टाका, आणि आधी आतून रॉकेलने धुऊन घ्या.

मारुती ८००, झेन, सॅन्ट्रो, इंडिका अशा पंधरा-वीस वर्षं जुन्या गाड्या रोज वापरणारी कितीतरी घरं आपल्याकडे आहेत. या सल्ल्याची किंमत त्यांना गिअरबॉक्स उतरवून मोजावी लागते. म्हणून तो मुद्द्यामुद्द्याने तपासायला हवा.

‘इंधन जळत नाही, म्हणून ऑइल खराब होत नाही.’ यातलं पहिलं अर्धं खरं आहे. गिअरबॉक्समध्ये काजळी तयार होत नाही, पेट्रोल-डिझेल मिसळत नाही, म्हणून तिथलं ऑइल इंजिन ऑइलच्या कितीतरी पट टिकतं. पण पुष्कळ टिकणं वेगळं आणि कधीच न संपणं वेगळं. गिअरचे दात एकमेकांवर घासताना ऑइल अक्षरशः चिरडलं जातं, त्याला दाटपणा देणारे लांब रेणू तुटतात आणि ते हळूहळू पातळ होत जातं. प्रचंड दाबाखाली धातूला वाचवणारी रसायनं त्यात घातलेली असतात, तीही आपलं काम करता करता खर्ची पडतात. शिवाय प्रत्येक गिअर बदलताना सिंक्रोनायझरच्या (दोन गिअरांचा वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगा थोड्या झिजतात आणि त्यांची भुकटी तिथेच राहते. इंजिनाला ऑइल फिल्टर असतो, साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सला नसतो. ड्रेन नटाला लोहचुंबक असला तरी तो पोलादाचा चुरा धरतो, पितळाचा नाही. हा चुरा बाहेर काढायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे ऑइल बदलणं. अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपुस्तिकेत, ४० ते ८० हजार किलोमीटरच्या दरम्यान कुठेतरी हा बदल लिहिलेला सापडतो. काही कंपन्या ‘लाइफटाइम’ लिहितात, पण पंधरा वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करून चालवल्या जाणाऱ्या गाडीने त्या शब्दावर विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘डाग नाही, म्हणजे गळती नाही.’ सगळ्यांत जास्त नुकसान या वाक्याने होतं. इंजिनात ऑइल फार कमी होऊन दाब पडला तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, डिपस्टिकही असते. बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सना यातलं काहीच नसतं. आणि गळणारं ऑइल जमिनीवर पडेलच असं नाही. इंजिनाच्या बाजूचं सील गेलं तर ऑइल क्लच हाऊसिंगमध्ये उतरतं आणि क्लच प्लेटला लागतं. मग चढावर क्लच घसरतो आणि मालक फक्त क्लच प्लेट बदलून मोकळा होतो. चाकांकडे जाणाऱ्या ॲक्सलच्या सीलमधून पाझरणारं ऑइल फिरत्या शाफ्टमुळे आजूबाजूला उडतं, त्यावर धूळ बसते आणि गिअरबॉक्सच्या खालच्या अंगाला काळा, चिकट थर तयार होतो. पार्किंगची फरशी मात्र स्वच्छच राहते. वर्षाकाठी पेलाभर ऑइल असं गेलं तरी छोट्या गाडीत ते मुळात जेमतेम दोन-अडीच लिटर असतं, हे लक्षात ठेवायला हवं. आडवं इंजिन असलेल्या अनेक गाड्यांमध्ये पाचवा गिअर मुख्य पेटीच्या बाहेर, टोकाच्या झाकणाखाली बसवलेला असतो. पातळी खाली गेली की आधी उपाशी राहतो तो हाच. गाडी एक्सप्रेसवेवर तासन् तास पाचव्यात पळत असते, म्हणजे सर्वांत कोरडा गिअर सर्वांत जास्त वेळ राबत असतो.

ऑइल कमी होण्याइतकंच पाणी आत जाणंही घातक असतं. गिअरबॉक्सला हवा आत-बाहेर जायला छोटा ब्रीदर असतो. गरम गिअरबॉक्स एकदम गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, जुन्या सीलांमधून पाणी आत ओढलं जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात उभ्या होत्या. २०१९ ला सांगली-कोल्हापूरने आणि जुलै २०२१ ला चिपळूणने तेच पाहिलं. पुरानंतर इंजिन ऑइल बदललं जातं, सीटा वाळवल्या जातात, पण गिअर ऑइल पुष्कळदा तसंच राहून जातं. पाणी मिसळलेलं ऑइल दुधाळ, करड्या रंगाचं दिसतं. तसं दिसलं तर किलोमीटरचा हिशोब न बघता ते लगेच काढावं. नाहीतर बेअरिंगांना गंज धरतो, आणि एकदा तो धरला की नवं ऑइल टाकून आवाज जात नाही.

तपासणी अवघड नाही. गाडी पिटवर किंवा रॅम्पवर सपाट उभी हवी, एकीकडून जॅक लावून तिरकी केलेली नको. इंजिन बंद करून काही मिनिटं थांबायचं. मग गिअरबॉक्सच्या बाजूला असलेला फिलर नट खोलायचा. मॅन्युअलमध्ये वेगळं काही लिहिलं नसेल तर ऑइल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं असायला हवं. बोट घालून पाहिलं की पातळी कळते, आणि बोटावर आलेल्या थेंबावरून रंग आणि कसही कळतो. तळाचा ड्रेन नट खोलण्याआधी वरचा फिलर नट खुलतो आहे याची खात्री करायची, हा नियम कधीही मोडू नये. जुन्या गाडीत तो गंजून धरलेला असतो, चुकीच्या पान्याने त्याचं डोकं गोल होतं, आणि ऑइल खाली सांडल्यावर हे लक्षात आलं तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. भरताना कडेपर्यंतच भरावं. जास्त भरलं तर ऑइल फेसाळतं आणि सीलांवर दाब येतो. नटांखालचे वॉशर नवे टाकावेत.

‘जुन्या गाडीचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो.’ ही भीती ऑटोमॅटिक गाड्यांकडून इकडे आली आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लचच्या चकत्या ऑइलातच बुडालेल्या असतात, आणि अतिशय झिजलेल्या चकत्यांना जुन्या ऑइलातल्या चुऱ्यानेच पकड मिळते, असा वाद घातला जातो. मॅन्युअल गिअरच्या गाडीचा क्लच कोरडा असतो आणि गिअरबॉक्सच्या बाहेर असतो. तिथे जुन्या ऑइलातल्या चुऱ्याने कुठलीही पकड मिळत नाही, फक्त झीज वाढते. ऑइल बदलल्यावर ज्यांचा गिअरबॉक्स खरंच गेला, त्यांच्याकडे बहुधा आधीच आवाज सुरू झालेला असतो आणि त्या आवाजामुळेच ऑइल बदललेलं असतं, किंवा चुकीचं ऑइल गेलेलं असतं. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. कडक झालेल्या जुन्या सीलमधून नवं ऑइल पाझरू शकतं. त्यावर उपाय सील बदलणं हा आहे, जुनं ऑइल ठेवणं नव्हे.

आता ‘कुठलंही ईपी ९०’. दुकानात ईपी ९० मागितलं की जो डबा हातात येतो, त्यावरचा बारीक मजकूर वाचावा. ९० हा आकडा फक्त दाटपणा सांगतो. त्या ऑइलात काय घातलं आहे, ते एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) दर्जा सांगतो: जीएल-४ की जीएल-५. पाच हा आकडा चारापेक्षा मोठा, म्हणून जीएल-५ अधिक चांगलं, असं काउंटरवरही सांगितलं जातं. ते चूक आहे. जीएल-५ हे मुख्यतः मागच्या ॲक्सलमधल्या हायपॉइड (तिरप्या, घसरत्या दातांच्या) डिफरन्शियलसाठी, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांसाठी आहे. तिथे दात एकमेकांवर जोराने घसरतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. ही रसायनं तापली की पितळ आणि ब्राँझवर चढू शकतात, आणि सिंक्रोनायझर रिंगा नेमक्या त्याच धातूच्या असतात. आताच्या काही जीएल-५ ऑइलांत हा धोका कमी केलेला असतो, तरी निसरडेपणा उरतोच. सिंक्रो रिंगेचं काम घर्षणाने दोन गिअरांचा वेग जुळवणं हे आहे. ऑइल फार निसरडं असेल तर वेग वेळेत जुळत नाही आणि गिअर टाकताना कचकन आवाज येतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आडव्या इंजिनाच्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पेटीत आणि त्याच ऑइलात असतं, पण त्याचे दात हायपॉइड नसतात, त्यामुळे तिथे जीएल-५ ची गरज नसते. सुमो, बोलेरो यांसारख्या गाड्यांना मागे वेगळं डिफरन्शियल असतं. तिथे दोन्हीकडचं ऑइल वेगवेगळं विचारून घ्यावं. शेवटचा शब्द मॅन्युअलचाच. काही जुन्या होंडा गाड्यांच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये कंपनीने चक्क इंजिन ऑइल सांगितलेलं होतं, तिथे ईपी ९० टाकणं हीच चूक ठरेल.

दाटपणाचंही तसंच आहे. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या आकड्यांची मोजपट्टी वेगळी असते. १०० अंश सेल्सिअसला ९० चं गिअर ऑइल साधारण ४० किंवा ५० च्या इंजिन ऑइलाइतकंच दाट असतं. जिथे ७५डब्ल्यू-९० (थंडीतही फार घट्ट न होणारं ऑइल) सांगितलं आहे तिथे नुसतं ९० टाकलं, तर निफाडच्या किंवा महाबळेश्वरच्या थंडीत सकाळी पहिला-दुसरा गिअर पडता पडत नाही, कारण रिंगेला तो घट्ट थर कापून गिअरच्या शंकूसारख्या भागावर बसता येत नाही. १४० ने आवाज दबतो हे खरं, पण दबतो फक्त आवाज. बेअरिंग खराब होतच राहतं, वर लहान फटींत ऑइल उशिरा पोचतं. जुनी गाडी विकत घेताना गिअरबॉक्स फारच शांत आणि गिअर विचित्र जड वाटले, तर आत कुठलं ऑइल आहे ते जरूर विचारा.

उलट टोकाचा भ्रमही याच सल्ल्याच्या आसपास वावरतो: गिअर जड जातो, म्हणजे ऑइलच खराब. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडत असतील आणि चालू असताना अडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही. आधी क्लच केबल बघा. गिअरचा दांडा सैल हलत असेल तर दांड्याला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या लिंकेजचे बुश बघा. फक्त रिव्हर्सला खरखर येत असेल तर क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबून गिअर टाका, कारण पुष्कळ जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच.

राहिलं रॉकेल. धुण्यासाठी टाकलेलं रॉकेल किंवा डिझेल पूर्ण निघत नाही. ते खोबणींत आणि बेअरिंगांत साचून राहतं आणि नव्या ऑइलला पहिल्याच दिवशी पातळ करतं. धुताना गाडी गिअरमध्ये फिरवली, तर तेवढा वेळ दात जवळपास कोरडे घासतात. ऑइल फारच घाण निघालं तर दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून ते गरम असतानाच पूर्ण निथळू द्यावं, योग्य दर्जाचं नवं भरावं आणि काही हजार किलोमीटरनंतर तेही एकदा बदलावं. निघालेलं जुनं ऑइल गटारात ओतू नये. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. बंद डब्यात भरून, वापरलेलं ऑइल अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजकडे पोचवावं.