‘एडीएचडी हा बनावट आजार’ : त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

एक मेसेज मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर थोडाफार रूप बदलून पुन्हापुन्हा येतो. तो एडीएचडीबद्दल असतो, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणाऱ्या विकाराबद्दल. त्याचा सारांश असा: एडीएचडी ज्या डॉक्टरने शोधला त्यानेच मरताना तो खोटा असल्याचं कबूल केलं. तो रक्तात दिसत नाही, स्कॅनमध्ये दिसत नाही, म्हणजे नाहीच. सगळा मोबाइलचा आणि लाडांचा परिणाम. आमच्या वेळी दोन फटक्यांत पोरं सरळ व्हायची. गोळ्या मुलांना गुंगीत ठेवतात, व्यसन लावतात. कंपन्यांचा धंदा आहे, तेव्हा आजच गोळ्या बंद करा आणि हे दहा जणांना पाठवा.

मला एडीएचडी आहे. निदान बऱ्याच मोठेपणी झालं, औषध घेते. मुलाला डॉक्टरकडे न्यावं की नाही या विचारात असलेली एखादी आई हा मेसेज वाचून घरीच थांबते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी त्या डॉक्टरांबद्दल. त्यांचं नाव लिऑन आयझेनबर्ग, अमेरिकेतले मोठे बालमानसोपचारतज्ज्ञ. ते सप्टेंबर २००९ मध्ये वारले. त्यांच्या अखेरच्या वर्षात यॉर्ग ब्लेख हे जर्मन विज्ञानपत्रकार त्यांना भेटले आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘डेर श्पीगल’ साप्ताहिकातल्या लेखात ते बोलणं छापून आलं. एडीएचडी हा बनवलेल्या आजाराचा ठळक नमुना आहे, अशा अर्थाचं वाक्य त्यात त्यांच्या तोंडी आहे, हे खरं. पण ती मृत्युशय्या नव्हती, आणि ‘मी जगाला फसवलं’ अशी कबुलीही नव्हती. त्यांचं पुढचं बोलणं मेसेजवाले गाळतात. आनुवंशिकतेला अवाजवी महत्त्व दिलं जातं, मूल असं का वागतंय, घरात काय चाललंय हे मानसोपचारतज्ज्ञांनी शोधायला हवं, पण त्याला वेळ लागतो आणि गोळी लिहून देणं झटपट होतं, असं ते म्हणत होते. हा राग घाईच्या निदानावरचा आहे आणि तो मलाही पटतो.

शिवाय हा विकार त्यांनी शोधलेलाच नाही. एका गोष्टीवर मन ठरत नाही, सतत भरकटतं, अशा माणसांचं वर्णन अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश डॉक्टरने १७९८ मध्ये लिहून ठेवलं आहे. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल यांनी लंडनमधल्या व्याख्यानांत बुद्धीने चांगल्या, पण स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांच्या नोंदी मांडल्या. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या एका बालरुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली यांना उत्तेजक औषधाने अशा मुलांचा अभ्यास सुधारलेला दिसला. आयझेनबर्ग तेव्हा शाळेच्या वयाचे होते.

आनुवंशिकतेबाबत मात्र पुरावा त्यांच्या विरुद्ध गेला. जुळ्या भावंडांच्या अनेक देशांतल्या अभ्यासांवरून माणसामाणसांतला हा फरक सुमारे ७४ टक्के आनुवंशिक असल्याचा अंदाज आहे. म्हणजे जवळपास उंचीइतका. २०१९ मध्ये वीस हजारांहून अधिक एडीएचडी असलेल्यांच्या जनुकांची इतरांशी केलेली तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा त्याच्याशी निगडित १२ जागा ठामपणे हाती लागल्या. प्रत्येक जागेचा परिणाम लहान असतो, म्हणून त्यावरून एखाद्या मुलाचं निदान होत नाही. पण आईबापांच्या लाडांनी हा विकार ‘घडवला’ या म्हणण्याला त्यानंतर आधार उरत नाही.

रक्तात दिसत नाही, हे बरोबर. अर्धशिशीही रक्तात दिसत नाही, म्हणून डोकं धरून बसलेल्या माणसाला आपण खोटारडा म्हणत नाही. एडीएचडीचं निदान माहिती गोळा करून करतात. नऊ-नऊ लक्षणांच्या दोन याद्या असतात, एक लक्ष न टिकण्याची आणि दुसरी चुळबुळ व उतावळेपणाची. मुलाच्या बाबतीत त्यांतल्या एका तरी यादीतली किमान सहा लक्षणं सहा महिने टिकलेली हवीत, ती बाराव्या वर्षाच्या आधीपासून असायला हवीत, आणि घर, शाळा, काम यांपैकी एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसायला हवीत. त्यांनी आयुष्य अडायला हवं. कान, डोळे, झोप, थायरॉइड, चिंतेचा विकार, अभ्यासातली अक्षमता हे सगळं तपासून बाजूला काढावं लागतं. मी गेले तेव्हा माझी जुनी प्रगतिपुस्तकं मागितली होती आणि आईशी वेगळं बोलणं झालं होतं. दहा मिनिटांत कुणी निदान करून चिठ्ठी हातात ठेवली, तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. वर्गात वयाने सगळ्यात लहान असलेल्या मुलांना हे लेबल जास्त वेळा लागतं, असं अनेक देशांत दिसलेलं आहे. जूनमध्ये जेमतेम वयात बसवून पहिलीत घातलेल्या मुलाबद्दल शाळेने तक्रार केली, तर हे आवर्जून लक्षात ठेवावं.

मोबाइलचा मुद्दा थोडक्यात उरकते. क्रिक्टन आणि स्टिल यांच्या काळात मोबाइल नव्हता, आणि ‘अटेन्शन डेफिसिट’ हे शब्द अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत १९८० मध्ये आले. तासन्‌तास स्क्रीनने झोप मोडते, लक्ष विस्कटतं, ते कमी करायलाच हवं. पण ज्याचं मन गेल्या वर्षी हातात फोन आल्यापासून लागत नाही, त्याच्यावर वरच्या अटींनुसार हे निदान बसतच नाही.

आता दोन फटके. या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

तुमच्या वेळी ही मुलं होती. वांड, उनाड, धांदरट, वेंधळा, ढ ही नावं त्यांचीच होती. सरळ झालेले तेवढे आठवतात. जे सातवी-आठवीत शाळेतून गळाले, ज्यांनी चार ठिकाणी नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या, गाडी भन्नाट चालवून जे ऐन तारुण्यात गेले, त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. डेन्मार्कने ठेवला. जवळपास १९ लाख लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात एडीएचडी असलेल्यांचा मृत्यूदर इतरांच्या दुपटीच्या आसपास होता, आणि त्यातलं मोठं कारण अपघात होतं. फटक्यांनी हा धोका कमी झाल्याचं कुठे दिसलेलं नाही. मार बसतो तेवढा वेळ मूल गप्प राहतं. आपण वाईट आहोत, हे मात्र त्याच्या मनात कायमचं बसतं.

आणि मुली तर मारापर्यंतही पोचत नाहीत. मी बाकावर शांत बसायचे. फळ्याकडे तोंड असायचं, मन भलतीकडेच. ‘हुशार आहे, पण लक्ष नाही’ हा शेरा वर्षानुवर्षं येत राहिला आणि घरात त्याचा अर्थ ‘आळशी’ असा झाला. चुळबुळ नसलेला, फक्त लक्ष न टिकण्याचा प्रकार असतो आणि तो मुलींत सर्रास निसटतो, हे तेव्हा आजूबाजूला कुणाला माहीत नव्हतं. मोठेपणी खात्यात पैसे असतात, बिल समोर असतं, भरायचंही असतं, आणि तरी वीज तोडायला माणूस दारात येतो. अशा वेळी मी स्वतःला जे बोलले आहे, ते कुठल्या मास्तरांनीही बोललं नसतं. शिस्त कशी असते हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. वेळापत्रकं मी ढीगभर केली होती. ठरवलेलं सुरू करणं आणि सुरू केलेलं धरून ठेवणं, नेमकं हेच या विकारात अडतं.

गोळ्यांबद्दल. सगळ्यात जास्त दिलं जाणारं औषध मिथाइलफेनिडेट. ते पहिल्यांदा १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बनवलं गेलं. ते उत्तेजक आहे, झोपेचं औषध नव्हे. मेंदूत डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही संदेश पोचवणारी रसायनं परत शोषली जाण्याचा वेग ते कमी करतं, त्यामुळे आवर घालणाऱ्या पुढच्या भागाला ती जास्त मिळतात. साध्या गोळीचा असर साधारण चार तास राहतो. मूल मलूल, गप्पगप्प झालं, तर डोस चुकला आहे किंवा औषध मानवत नाही, आणि ते डॉक्टरला त्याच आठवड्यात सांगायला हवं.

दुष्परिणाम आहेत. भूक मरते, माझा दुपारचा डबा कितीदा तसाच परत येतो. उशिरा घेतली तर झोप लांबते. नाडी आणि रक्तदाब किंचित वाढतात, म्हणून घरात हृदयविकार असल्यास आधी सांगावं लागतं. मुलांचं वजन आणि उंची नियमित मोजायची असते, कारण दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांत उंचीत थोडी घट दिसलेली आहे. अमेरिकेतल्या ५७९ मुलांच्या मोठ्या चाचणीत १४ महिन्यांनंतर औषधाचा फायदा स्पष्ट होता, पण तीन वर्षांनी वेगवेगळे उपचार मिळालेल्या गटांमधला फरक मावळला होता. म्हणजे एकदा सुरू केलं की डोळे झाकून चालू ठेवायचं, असं हे औषध नाही. दुसऱ्या बाजूला, स्वीडनमधल्या सुमारे दीड लाख लोकांच्या नोंदींवरच्या २०२४ च्या अभ्यासात औषध सुरू केलेल्यांत मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं.

व्यसनाची भीती कुठून येते ते मला समजतं. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे, केमिस्ट चिठ्ठी निरखून बघतो आणि रांगेतली माणसं आपल्याला बघतात. परीक्षेसाठी जागायला ते चोरून घेणारी मुलं आहेत, ते धोक्याचंच आहे. पण निदान होऊन, ठरलेल्या डोसमध्ये लहानपणी औषध घेतलेल्यांना पुढे व्यसनं जास्त लागतात, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्यांना उत्तेजक चालत नाही, त्यांच्यासाठी ॲटोमॉक्सेटिनसारखी वेगळी औषधंही आहेत.

कंपन्यांचा धंदा? अमेरिकेत तो झाला आहे. तिथल्या एका नामवंत बालमानसोपचारतज्ज्ञाने औषध कंपन्यांकडून घेतलेल्या पैशांची सिनेटने २००८ मध्ये चौकशी केली. तिथे २०२२ मध्ये नऊपैकी एका मुलाला हे निदान कधी ना कधी झालेलं होतं, तर जगभरचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास मानलं जातं. तिथे अतिनिदानाची चर्चा व्हायलाच हवी. भारतात लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. आपल्याकडे मूल गोळ्यांच्या पुरात वाहून जात नाही. ते डॉक्टरपर्यंत पोचतच नाही.

राहिलं शेवटचं वाक्य, ‘आजच गोळ्या बंद करा’. कृपा करून हे कुणाच्या मुलाबाबत करू नका. एडीएचडीसाठी काही मुलांना क्लोनिडिन देतात, आणि ते एकाएकी थांबवलं तर रक्तदाब धोकादायकपणे उसळू शकतो. मनात शंका असेल, तर औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला फोन करा. डॉक्टरच नसेल, तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं.