फोनच्या दोन्ही टोकांना

भारतात म्हाताऱ्या माणसांच्या एकटेपणाचा विषय निघाला की चर्चा दोन वाक्यांवर येऊन थांबते: मुलं परदेशी निघून गेली, आणि ज्येष्ठांनी आता मोबाइल शिकून घ्यायला हवा. पहिल्या वाक्यातली मुलगी मीच. ते मला लागतं, आणि ते खरंही आहे. दुसरं वाक्य मात्र अजिबात पटत नाही.

आई ऐंशीच्या घरात आहे. व्हिडिओ कॉल ती केव्हाच शिकली. पण मध्येच ॲप अपडेट होतं, बटणं जागा बदलतात आणि "अगं, ते हिरवं कुठे गेलं?" इथून पुन्हा सुरुवात. वयाबरोबर त्वचा कोरडी होते, मग स्क्रीनला बोट लागलेलं नीट कळत नाही. हात थरथरला की एकदा दाबलेलं दोनदा दाबलं जातं. कानांना आधी वरच्या पट्टीतले आवाज येईनासे होतात. 'स', 'श' गळून पडतात आणि आवाज कितीही वाढवला तरी शब्द लागत नाही. यात तिने शिकायचं काय? बदलायचं आहे ते यंत्राने.

मी राहते त्या ब्रिटनने 2018 मध्ये एकाकीपणाचा प्रश्न खास एका मंत्र्याकडे, ट्रेसी क्राउच यांच्याकडे सोपवला. त्याच ब्रिटनमध्ये तांब्याच्या तारांवरचे लँडलाइन इंटरनेटवर नेताना काही वृद्धांची, त्याच लाइनवरून मदत मागवणारी गळ्यातली बटणं ऐन वेळी चालली नाहीत. डिसेंबर 2023 मध्ये सक्तीने लाइन बदलणं थांबवावं लागलं. जुनं जाळं बंद करण्याची मुदतही जानेवारी 2027 पर्यंत पुढे गेली. तेव्हा इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं, असं मी म्हणणार नाही.

उलट भारताच्या हातात एक भक्कम गोष्ट आहे. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवण्याची अट ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्यांना आणि दृष्टिहीनांना पाळता येईना, म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. 30 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ज्येष्ठांबद्दलच्या चर्चेत हा निकाल अजून माझ्या कानावर आलेला नाही. तो यायला हवा, आणि बँकांच्या ॲपपुरता राहू नये.

कारण आमच्या चर्चेत फोन म्हणजे परदेशातल्या लेकराशी बांधलेली दोरी. आईला मी रोज दिसते. तिची जुनी मैत्रीण मात्र दिसत नाही. गुडघ्यांमुळे दोघींचं बाहेर पडणं थांबलंय. आई माझ्याशी बोलते तेव्हा एका टोकाला मी असते, अडलं तर सांगते. त्या दोघी बोलायला गेल्या की एकीला दिसत नाही, दुसरीला ऐकू येत नाही, आणि तिसरं कोणी नसतं. बोललेलं मराठीत लिहून दाखवणारी सोय बऱ्याच फोनमध्ये आहे, अक्षर मोठं करता येतं, बोट किती वेळ टेकलं तर दाबलं असं धरायचं हेही ठरवता येतं. पण हे सगळं सेटिंग्जच्या पोटात, तिसऱ्या-चौथ्या पानावर. नवा फोन सुरू करताना भाषा विचारतात, तिथेच पुढचा प्रश्न हा असावा: तुम्हाला नीट ऐकू येतं का, हात थरथरतो का? आणि एकदा उत्तर दिलं की कुठल्याही अपडेटने ते पुसू नये.