टाकी, सोडा आणि सहावा थेंब

ज्यांना घरात छोटासा समुद्र हवाय, त्यांनी आधी निळ्या आणि पिवळ्याच्या मध्ये नेमके किती रंग असतात ते मोजून यावं. माझं उठता-बसता तेच चाललंय.

नवी रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यातली प्रवाळांची टाकी, लावली तेव्हा वाटलं होतं, मासे बघत बसायचं, प्रवाळ फुलताना बघायचे. प्रत्यक्षात बघत बसतो एक आकडा. त्याचं नाव अल्कलिनिटी, लाडाने अल्क, मोजमाप डीकेएच नावाच्या एककात. समुद्रात हा गृहस्थ सातच्या आसपास सुखाने नांदतो, टाकीवाले आठ-नऊ धरून चालतात. माझ्याकडे तो सहाच्याही खाली जाऊन बसला. वर यायचं नाव घेईना.

"अहो, पाणी तर किती स्वच्छ दिसतंय!" इति बायको. तिथेच तर सगळी गोम आहे. गढूळ असतं तर दोष दाखवता आला असता. अल्क कमी झालं की पाण्याला आम्ल पचवायची ताकद उरत नाही, पीएच हेलकावे खायला लागतो, प्रवाळांना सांगाडा बांधायला माल पुरत नाही, आणि हे सगळं नितळ पाण्यात घडतं.

चाचणीसाठी काचेच्या कुपीत 5 मिलिलिटर पाणी घ्यायचं आणि औषधाचा एकेक थेंब सोडून हलवायचं. निळ्याचा पिवळा झाला की थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे एक डीकेएच. ऐकायला बालवाडीचा अभ्यास वाटतो. पण पाचव्या थेंबाला कुपीत जो रंग येतो, त्याला निळा म्हणवत नाही आणि पिवळा म्हणायचा धीर होत नाही. मी कुपी पांढऱ्या कागदासमोर धरतो, खिडकीशी नेतो, दिव्याखाली आणतो. बायकोच्या मते तो हिरवट. मुलगी मान वर न करता म्हणते, "बाबा, चष्मा पुसा." सहावा थेंब बाटलीच्या टोकाला लोंबकळत राहतो, पडू की नको करत, आणि पडला की कुपी झटकन पिवळीधमक. मग घरात वाद: पाच की सहा? मी साडेपाच लिहून मोकळा होतो.

आता हे अल्क जातं कुठे? टाकीत प्रवाळ म्हणाल तर नावाला. पण नव्या टाकीत जिवाणूंचा संसार थाटत असतो. ते अमोनियाचं नायट्रेट करतात, त्यात आम्ल तयार होतं आणि ते बायकार्बोनेट, म्हणजे अल्कचा मुख्य ऐवज, फस्त करतं. थोडं गोगलगायी शंखासाठी उचलतात, थोडं दगडावरचं गुलाबी शेवाळ. कधी कधी चोर टाकीत नसतोच, टाकीचं पाणी खारं करायच्या मिठाच्या पिशवीत असतो. म्हणून ताजं कालवलेलं पाणीही तपासावं.

जाणकाराला अल्क विचारलं की तो मॅग्नेशियम विचारतो. पोट दुखतंय म्हणून गेलेल्याला जीभ दाखवायला सांगावं तसं. पण त्याचं बरोबर असतं. मॅग्नेशियम 1300 पीपीएमच्या (दहा लाखांत 1300 भाग) आसपास नसेल, तर कार्बोनेट पाण्यात टिकत नाही, कॅल्शियमचा हात धरून हीटरवर आणि पंपावर पांढरं कीट होऊन बसतं. तुम्ही वरून ओतत राहा.

एवढ्या महागड्या सामानाच्या पसाऱ्यात औषध निघालं ते खायचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात भलतंच काय काय असतं. 100 लिटरला 1 डीकेएच चढवायला साधारण 3 ग्रॅम. पीएचही खाली असेल तर तोच सोडा ओव्हनमध्ये भाजून घ्यायचा, म्हणजे त्याचा सोडियम कार्बोनेट होतो. मी ट्रेमध्ये सोडा पसरताना बायको दारात उभी होती. "कधी नव्हे ते स्वयंपाकघरात आलात, आणि भाजताय काय, तर सोडा!"

आरओच्या पाण्यात विरघळवून, जोरात प्रवाह असेल तिथे, हळूहळू ओतायचा. कॅल्शियमच्या द्रावणाबरोबर तर मुळीच नाही, दोघं समोरासमोर आले की टाकीत दुधाळ ढग. आणि दिवसाला एका डीकेएचपेक्षा जास्त चढवायचं नाही, कारण प्रवाळांना कमी अल्क एक वेळ चालतं, झटका चालत नाही. म्हणजे हातात सोडा, समोर खड्डा, आणि भरायचा चमच्याचमच्याने. अधीर माणसाला याहून मोठी शिक्षा नसावी.

सध्या गाडी सातावर आलीय. रोज ठरलेल्या वेळी मोजतो, कारण सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांची तुलना करून उगाच घाम फुटतो. पुढचं गणित आणखी अवघड आहे: प्रवाळ वाढले की त्यांची भूकही वाढणार आणि डोस पुन्हा ठरवावा लागणार. तरी परवा नवीन प्रवाळ आणायचा विषय काढलाच. रंग सांगितला, फांद्यांचं वर्णन केलं, मोबाइलवर फोटो दाखवला.

बायकोने फोटोकडे नीट बघितलं आणि विचारलं, "हा सोडा किती खातो?"