पोरगं काही खातच नाही हो!

पालकहो, शाळेनं तुमच्या पोराला धडधाकट करायचा चंग बांधलाय. वेळीच सावध व्हा.

सुरुवात पहाटेच करा. तासगाव भागात राहता म्हणजे दारात म्हैस असणारच. धार काढा, किटली डेअरीवर न्या, फॅट किती लागली बघा, पावती खिशात घाला. घरी चहापुरतं दूध ठेवलं की झालं. त्या चहात पोराला बिस्किट बुडवून द्या. तुटून तळाशी गेलं तर चमच्यानं काढून भरवा, तेवढीच माया. अंडी दुकानात, द्राक्षं व्यापाऱ्याला, बेदाणा कोल्ड स्टोरेजला. घरचं घरात खाऊन कोण मोठं झालंय?

आता शाळेतली दुपारची खिचडी. पहिली ते पाचवीच्या पोरामागं १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं त्याच्या पोटात घालायची, असा हा सरकारी कट. उधळायला फक्त दहाची नोट लागते. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत चटकमटक विकायला बंदी आहे म्हणे. (आमच्याकडं टपरी पंधरा पावलांवर आहे, पण टेप घेऊन मोजणार कोण?) पाकिटानं पोट भरलं की दुपारची मटकी कावळ्यांना. मग ग्रामसभेत उठून विचारा, "खिचडी अशी का?" वाढण्याआधी पालकांनीही येऊन चव घ्यावी, असं शाळा सांगते. चुकूनही जाऊ नका. चव चांगली निघाली तर बोलणार काय?

अंड्याचं तर आपोआपच मिटलं. २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं सुरू झालं, २०२५ च्या जानेवारीत सरकारनं पैसे थांबवले आणि सांगितलं, लोकसहभागातून द्या. लोक म्हणजे आपणच की! पण आपण डॉल्बीची वर्गणी देऊन आधीच दमलेले.

लोहाची गोळी मिळते त्या दिवशी पोराला घरी आल्या आल्या कडक चहा पाजा. चहा लोह अंगी लागू देत नाही.

एवढं करून पोरगं वाळलं, की मिरजेला मोठ्या डॉक्टरकडं न्या. ते चॉकलेटी पावडरीचा डबा लिहून देतील, दिवसातनं दोनदा, दुधातून. येताना डेअरीवर थांबा आणि अर्ध्या लिटरची पिशवी विकत घ्या.