'काही नाहीये तुला' असं म्हणू नका

परवा ऑफिसमधल्या एका मुलीला एकदम धडधडायला लागलं, हात गार पडले, दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला तर नॉर्मल. दुसऱ्या दिवशी ती आल्यावर जो तो तिला म्हणतोय, बघ, काही नाहीये तुला, उगाच टेन्शन घेतेस. ती मान डोलवत होती. तो चेहरा माझ्या चांगलाच ओळखीचा आहे, म्हणून हे लिहितेय.

मला पहिला पॅनिक अटॅक चार वर्षांपूर्वी आला. भांडुपहून दादरला जाणारी सकाळची स्लो लोकल, लेडीज डबा, गर्दीत मधोमध मी. कुर्ला सोडलं आणि सायनच्या आधी गाडी थांबली, म्हणजे रोजचंच, पण त्या दिवशी अचानक श्वास पुरेना, ओठांना मुंग्या, बोटं आखडल्यासारखी, छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटायला लागलं आणि डोक्यात एकच, मी आता इथेच मरणार. सायनला कोणीतरी हाताला धरून उतरवलं, बाकड्यावर बसवलं, एका मावशींनी टोपली बाजूला ठेवून पाणी पाजलं.

मग ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, सगळं झालं. ते करायलाच हवं, थायरॉइडचं हार्मोन वाढलं तरी अशीच धडधड होते आणि छातीत दुखलं तर मनाचं आहे म्हणून घरी बसायचं नसतं. पण सगळं नॉर्मल आल्यावर डॉक्टर फाइल मिटून म्हणाले, काही नाही, चार दिवस कुठेतरी फिरून या. घरी आले तर आई धापा टाकत चौथ्या मजल्यावर जिन्याने चढून आलेली, नेहमीसारखी, आणि आल्या आल्या मीठ-मोहरीने माझी दृष्ट काढली. तिच्या हातात जे होतं ते तिने केलं, त्याबद्दल मला कधीच राग आला नाही.

पण 'काही नाही' म्हटल्यावर माणूस करतो काय? मी ट्रेन सोडली. एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमधून बसने दीड-दोन तास. मग बसमध्येही तसंच व्हायला लागलं तर रिक्षा. मग लग्नाचे हॉल, मग सुपरमार्केटची रांग. दर वेळी एक जागा सोडली की दोन दिवस बरं वाटायचं आणि जग अजून थोडं लहान व्हायचं. आठ महिन्यांत मी घर ते स्टेशनबाहेरची भाजीवाली एवढ्यात आले होते.

पहिल्या थेरपिस्टकडे सगळं इंग्रजीत चालायचं. मी 'आय फील अँक्शस' म्हणायचे आणि पुढे काही सुचायचंच नाही, इंग्रजीत मी नेहमी जरा शहाण्यासारखीच बोलते. दुसऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, नेमकं काय होतं ते सांगा बरं. मी म्हटलं, जीव घाबरा होतो. पोटात खड्डा पडतो, हातापायांतलं त्राण जातं, जीव खालीवर होतो. तासभर बोलत होते. आपल्या भाषेत या सगळ्याला किती शब्द आहेत आणि ते बहुतेक सगळे शरीराचेच आहेत! म्हणजे आपल्या आज्यांना हे माहीत होतंच.

मग बाईंनी कागदावर काढून दाखवलं. मेंदूत अमिग्डाला म्हणून एक भाग असतो, धोका दिसला की तो भोंगा वाजवतो, ॲड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात पळतं, श्वास भराभर चालतो. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि म्हणून ओठांना मुंग्या, म्हणून चक्कर, म्हणून बोटं आखडतात. म्हणजे माझ्या ओठांना आलेल्या मुंग्या खऱ्या होत्या! धोका खरा नव्हता, पण शरीरात जे झालं ते शंभर टक्के खरं होतं. हे ऐकून मी तिथेच रडले.

आणि दुसरं, पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप उतरायला लागतो. मी दर वेळी टोकावर असतानाच पळ काढायचे, त्यामुळे मेंदूने धडा घेतला की पळाली म्हणून वाचली.

थेरपी म्हणजे कोणीतरी गोड बोलून समजूत काढणार असं मला वाटायचं, मैत्रीण आहे की त्याला. तसं नसतं, खूप अभ्यास असतो त्यात. माझी होती सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलत नेणारी थेरपी, १९६० च्या दशकात ॲरन बेक या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी मांडलेली. वहीत विचार लिहायचा, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा. आणि मग शिडी. पहिला आठवडा फक्त भांडुपच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं आणि गाड्या जाऊ द्यायच्या. मग दुपारच्या रिकाम्या गाडीने कांजूर. मग विक्रोळी. मग घाटकोपर. पाण्याची बाटली घरी ठेवून, दाराला चिकटून न राहता, नवऱ्याला फोन चालू न ठेवता, कारण त्या बाटलीमुळे वाचले असंच मेंदू समजतो. सहाव्या आठवड्यात मी विद्याविहारला उतरून पळाले, थरथरत बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, उद्या परत विद्याविहारपर्यंतच, आणि घड्याळ बघायचं, किती मिनिटांनी उतरतं ते. सोळा मिनिटं लागली. वहीत अजून लिहिलेलं आहे.

मी मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने काही महिने गोळ्याही घेतल्या. लागतातच असं नाही, पण लागल्या तर त्यात लाज कसली. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि मनाने बंद करायच्या नसतात, एवढं लक्षात ठेवा.

हे शहरी फॅड आहे म्हणणाऱ्यांनी एवढंच बघावं की अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धत कि. मो. फडके सरांनी कधीच मराठीत आणली आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करतेय.

पैशाचा प्रश्न मात्र खरा आहे. मला एका सेशनला पंधराशे लागायचे आणि ते मला परवडले म्हणून मी आज ट्रेनमध्ये आहे, ही गोष्ट मला टोचते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की विमा शरीराच्या आजारासारखाच मनाच्या आजारालाही मिळाला पाहिजे, पण बऱ्याच पॉलिसीत ओपीडीच नसते, मग दर आठवड्याचं समुपदेशन खिशातूनच. मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिकेच्या हॉस्पिटलांत, तिन्हीकडे मनोविकार विभागाची ओपीडी आहे, गर्दी असते, वेळ काढून जावं लागतं, पण जा. आणि टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नंबर सेव्ह करा, तुम्हाला नाही तर कोणाला तरी लागेल.

ऑफिसमधल्या मुलीला मी काल एवढंच विचारलं, तेव्हा नेमकं काय काय होत होतं? ती पाऊण तास बोलली, चहा गार झाला.

आणि एक. मागच्या आठवड्यात मी आईला ही शिडी, ती सोळा मिनिटं, सगळं पहिल्यांदा नीट सांगितलं. ती गवार मोडत होती, हात थांबला. म्हणाली, मी लिफ्टने का येत नाही माहितीये तुला? आम्ही सगळे वीस वर्षं समजत होतो की ती व्यायाम म्हणून जिने चढते. मग खाली बघूनच विचारलं, तुझ्या त्या बाई माझ्या वयाच्यांना बघतात का गं?

मंगळवारी साडेचारची वेळ घेतलीये.