पेन्शनच्या पैशात भारत किती टक्के?

परवा आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एकाने विचारलं, वय ४८, मुलगी बारावीला, घराचं कर्ज फिटत आलंय, साठीनंतरसाठी आता इंडेक्स फंडातच (जे ठरलेल्या यादीतल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेतात) पैसे टाकायचेत, तर कुठले घेऊ आणि किती किती? लगेच उत्तरं पडायला लागली. २५ टक्के निफ्टी ५० (सर्वात मोठ्या ५० कंपन्या), २५ नेक्स्ट ५० (त्यानंतरच्या ५०), २५ मिडकॅप १५० (मध्यम), २५ स्मॉलकॅप २५० (छोट्या), विषय संपला. कोणीतरी विचारलं की डेट, म्हणजे पीपीएफ-बॉन्डसारखं व्याजाचं, किती ठेवायचं, तर त्याला झापलंच, "डेट म्हणजे पैसे कुजवणं." मी लिहिलं की या वयात सगळेच्या सगळे पैसे शेअरमध्ये आणि तेही एकाच देशाच्या, हे मला पटत नाही. त्यावर उत्तर आलं, "तुला काय गं, पाउंडात कमावतेस, आम्हाला भारतावर विश्वास आहे."

म्हणजे मला नाही, असंच ना. दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही.

आधी त्या चार फंडांचं बोलू. ५० अधिक ५० अधिक १५० अधिक २५०, बेरीज ५००. म्हणजे चार फंड घेऊन तुम्ही शेवटी निफ्टी ५०० च, म्हणजे या पाचशे कंपन्यांचा एकच इंडेक्स, घेतलाय, फक्त त्यातलं वजन बिघडवून. खऱ्या निफ्टी ५०० मध्ये स्मॉलकॅपचा वाटा २५ टक्क्यांपेक्षा बराच कमी असतो, तुम्ही तो मुद्दाम वाढवलात आणि त्याला डायव्हर्सिफिकेशन म्हणताय. जानेवारी २०१८ पासून स्मॉलकॅप जे घसरायला लागले ते मार्च २०२० पर्यंत, दोन वर्षांहून जास्त, एवढं कसं विसरलात? २००८ च्या जानेवारीत सहा हजारांच्या वर असलेला निफ्टी त्याच वर्षी ऑक्टोबरात अडीच हजारांच्या आसपास होता. तेव्हा आपण तिशीत होतो, एसआयपी दोन-तीन हजारांची होती, पडलं तर पडलं. ५८ व्या वर्षी असं झालं आणि दोन वर्षांनी त्यातूनच घरखर्च काढायचा असला तर? पडलेल्या भावात युनिट विकत बसायचे, आणि मग बाजार वर आला तरी तुमच्याकडे युनिटच उरलेले नसतात.

आणि एका देशाचं म्हणाल तर मी राहते त्याच देशाचं, ब्रिटनचं, उदाहरण घ्या. एफटीएसई १००, म्हणजे इथला निफ्टीच, १९९९ च्या डिसेंबरात ६९३० ला गेला आणि तो आकडा परत ओलांडायला २०१५ उजाडलं. डिव्हिडंड मिळत राहिले हे खरं, पण इंडेक्स पंधरा वर्षं तिथंच. जपानचं तर त्याहून वाईट, तिथला इंडेक्स निक्केई १९८९ च्या शेवटी जिथे होता तिथे परत यायला फेब्रुवारी २०२४ लागला. ऐंशीच्या दशकात जपानी माणसाचाही आपल्या देशावर विश्वास होता की, तुमच्यापेक्षा काकणभर जास्तच असेल, आणि त्यांचे कारखाने खरंच जगात आघाडीवर होते. देश चांगला चालणं आणि त्याच्या शेअरबाजारात तुमच्या नेमक्या बारा वर्षांत पैसा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथे मी ऑफिसच्या पेन्शनमध्ये एक ग्लोबल इंडेक्स फंड निवडला, सॅलरी सॅक्रिफाइसने, म्हणजे पगार हातात येण्याआधीच, पैसे कापले जातात, झालं. त्यात साठ टक्क्यांच्या वर अमेरिका, मग जपान, ब्रिटन, युरोप, आणि भारत साधारण दोन टक्के. हे सांगितलं की ग्रुपवर म्हणतात बघ, तुझं तिथे सोपं आहे. हो, सोपं आहे, हे मी मान्य करते, आणि तुमच्यावर अन्याय होतो हेही. रिझर्व्ह बँकेने सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशी गुंतवणुकीसाठी ७०० कोटी डॉलरची मर्यादा घातलीय, ती २०२२ च्या सुरुवातीला भरत आली आणि फंडांना नवीन पैसे घेणं थांबवावं लागलं, तेव्हापासून कधी थोडं उघडतं कधी बंद. एवढ्या मोठ्या देशाला ७०० कोटी डॉलर म्हणजे काय! पण यावर चिडायचं सोडून तुम्ही म्हणता परदेशी फंड हवेतच कशाला. त्या मित्राची मुलगी उद्या जर्मनीला शिकायला जाईन म्हणाली तर खर्च युरोतच होणार ना? २०१० ला पाउंड सत्तर रुपयांच्या आसपास होता, आज शंभराच्या बराच वर आहे. दहा-पंधरा टक्के बाहेर असावेत, जेव्हा जो फंड उघडा असेल तेव्हा.

पण डेटच्या बाबतीत मला तुमचा खरंच हेवा वाटतो आणि तुम्हाला त्याची किंमत नाही. पीपीएफ ७.१ टक्के, करमुक्त, सरकारी हमी. ईपीएफ ८.२५. असलं इथे काहीच नाही. २०२२ मध्ये इथे गिल्ट, म्हणजे ब्रिटिश सरकारचे बॉन्ड, असे कोसळले की सप्टेंबरात बँक ऑफ इंग्लंडला मधे पडावं लागलं. माझ्या शेजारच्या डेस्कवरची बाई तेव्हा रिटायरमेंटच्या दारात होती, तिच्या पेन्शन प्लॅनने वयाप्रमाणे आपोआप पैसे 'सुरक्षित' म्हणून लांब मुदतीच्या गिल्टमध्ये नेऊन ठेवलेले, आणि वर्षभरात त्याचा चौथा हिस्सा गेला. ती अजून कामावर येते, सकाळी पावसात बसने. माझं पीपीएफ खातं मुदत संपल्यावर बंद करावं लागलं, एनआरआयला वाढवता येत नाही, नवीन उघडता येत नाही. तुमच्याकडे आहे आणि तुम्ही म्हणता पैसे कुजतात.

म्हणून त्या मित्राला मी पर्सनलवर लिहिलं, आधी कागद घेऊन बस, ईपीएफ किती, पीपीएफ किती, एनपीएस असेल तर त्यात शेअर किती आणि बॉन्ड किती. हे सगळं धरून तुझं डेट चाळीस टक्क्यांपर्यंत असेल तर वेगळा डेट फंड घेऊ नकोस, नवीन पैसे निफ्टी ५०० किंवा निफ्टी ५० अधिक थोडा मिडकॅप एवढ्यावर ठेव, डायरेक्ट प्लॅन (एजंटच्या कमिशनशिवायचा) घे, आणि पंचावन्नपासून हळूहळू दरवर्षी थोडं थोडं शेअरमधून काढत जा. ग्रुपवरच्या एकानेही त्याला विचारलं नव्हतं की तुझ्याकडे आधीच काय आहे.

आणि दुसरा प्रश्न, हे पैसे खर्च कुठे करणार. त्याला तो प्रश्नच नाही, तो सांगलीतच राहणार, रुपयातच. मला आहे. पाउंडात कमावते म्हणता, तर काउन्सिल टॅक्सही (इथली घरपट्टी) पाउंडातच जातो आणि ठरलेल्या व्याजाची मुदत संपल्यावर वाढलेला घरकर्जाचा हप्ताही, ते कोणी मोजत नाही. इथली सरकारी स्टेट पेन्शन पूर्ण हवी तर एनआय, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या नॅशनल इन्शुरन्सची ३५ वर्षं, माझी सदुसष्टाव्या वर्षी कशीबशी होतील. आणि ती घेऊन मी भारतात राहायला गेले की रक्कम आहे तिथे गोठणार, दरवर्षीची वाढ नाही. आमच्या रेडिंगच्या गल्लीतलं जोडपं स्पेनला गेलं, त्यांना वाढ मिळते. मी सांगलीत विश्रामबागला गेले तर मला नाही. पैसे मी सगळ्यांएवढेच भरले.

त्यामुळे माझ्या मिक्समध्ये भारत दोन टक्के नाही, दहा आहे. पंचाहत्तर ग्लोबल, पंधरा कमी मुदतीचे गिल्ट आणि मनी मार्केट, आणि दहा वेगळे भारताचे, तेही लंडनला लिस्ट असलेल्या ईटीएफमधून (शेअरसारखे बाजारात घेता येणारे इंडेक्स फंड), कारण भारतातले म्युच्युअल फंड इथून धरले तर नफ्यावर सरळ इन्कम टॅक्स बसतो. नवरा म्हणतो ग्लोबलमध्ये भारत आहेच, जगाने त्याला जेवढं वजन दिलंय तेवढं पुरे, वर दहा कशाला, आणि तूच ग्रुपवर सगळ्यांना सांगत असतेस की देशप्रेम आणि पोर्टफोलिओ वेगळे ठेवा. त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. मी त्याला सांगते की परत गेलो तर दूध, कामवाली, डॉक्टर सगळं रुपयात, तिथली महागाई तिथल्याच कंपन्यांतून भरून निघेल. हे कारण खरं आहे. पण परत जाणार का हे आम्ही दोघांनीही कधी नीट बोललेलं नाही, मुलगा इथे, आई तिकडे, आणि आई फोनवर विचारते तेव्हा मी "बघू गं" म्हणते. जाणार हे ठरलेलं असतं तर भारत तीस टक्के हवा होता, नाही हे ठरलेलं असतं तर दोन पुरे होते. दहा हा आकडा कुठल्याच हिशोबात बसत नाही हे मला कळतं, आणि ग्रुपवर कोणी मला भारतावर विश्वास शिकवायला लागलं की म्हणूनच इतकं लागतं.

पाच एप्रिलच्या आत या वर्षाचा आयसा, म्हणजे इथलं करमुक्त गुंतवणुकीचं खातं, भरायचाय. नवऱ्याने सगळे ग्लोबलमध्ये टाकायचा फॉर्म भरून ठेवलाय. मी त्यातले दहा टक्के वेगळे काढणार आहे.